पिठाचा कोंबडा, पडद्यावरची कोंबडी

जे जिवंतच नाही ते मारलं, तर हिंसा होते का? आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. यशोधर राजाची कथा आज्यांनी आपल्याला सांगितली ती याच प्रश्नासाठी. पण मला तो यंदा नव्याने विचारावा लागला, आणि तोही नातीकडून थ्रीडी मॉडेलिंग नि ॲनिमेशनचे पहिले धडे घेता घेता.

आधी हे काम काय असतं ते सांगते, कारण प्रश्न त्या कामातच दडलेला आहे. नात वापरते त्या प्रोग्रॅमचं नाव ब्लेंडर. मला तर ऐकून मिक्सरच आठवला. टॉन रूझेंडाल या डच माणसाने तो सुरू केला आणि 2002 पासून तो सगळ्यांसाठी खुला नि फुकट आहे. उघडला की समोर तीन गोष्टी : मधोमध एक राखाडी ठोकळा, एक कॅमेरा, एक दिवा. ठोकळ्याला आठ कोपरे, बारा कडा, सहा बाजू. कोपरा म्हणजे व्हर्टेक्स, कड म्हणजे एज, बाजू म्हणजे फेस. एखादा फेस धरून बाहेर ओढला की त्यातून नवा भाग निघतो. कणकेच्या गोळ्याला चिमटा काढून आपण पोरांना चिमणी करून देतो ना, तसंच. अर्धं अंग घडवून मिरर लावला की उरलेलं अर्धं आपोआप होतं. मग आत हाडांचा सांगाडा बसवायचा आणि कुठलं हाड हललं की कुठला भाग किती ओढला जावा, ते ठरवून द्यायचं.

शेवटी हालचाल. सिनेमात सेकंदाला 24 चित्रं असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. सगळी आपण करायची नसतात. पहिल्या फ्रेमला पाय इथे, बाराव्या फ्रेमला तिथे, एवढं नेमून दिलं की मधलं कॉम्प्युटर भरतो. पण त्याने भरलेलं गुळगुळीत असतं. त्यात जीव वाटायला हवा असेल तर पुन्हा माणसानेच बसावं लागतं.

नातीने कोंबडी करायला घेतली तेव्हा मी हे पाहिलं. कोंबडी चालत होती, पण खेळण्यातली वाटत होती. मग आम्ही दोघी शेजारच्या परसात जाऊन उभ्या राहिलो. कोंबडी चालताना तिचं डोकं अंगाबरोबर पुढं जात नाही. ते क्षणभर जागीच थांबतं, अंग पुढं सरकतं, आणि मग डोकं झटक्याने पुढं येतं. जन्मभर कोंबड्या बघितल्या, पण हे कधी नजरेत भरलं नव्हतं. नातीने तेवढं बदललं आणि पडद्यावरची कोंबडी एकदम कोंबडी झाली. आमच्या घरात कोंबडी पाळायचा प्रश्नच नाही, पण त्या दिवशी मला ती शेजारीण वाटली. एखाद्या जिवाकडे इतकं निरखून बघणं ही दयेची पहिली पायरीच असते, असं मी मानते.

आणि याच कोंबडीवरून पुढचं सगळं निघालं. नातीला पहिलं पैशाचं काम आलं. मोबाइलवरचा एक खेळ बनत होता. त्यात कोंबड्या पळतात, खेळणाऱ्याने त्यांना मारायचं, जितक्या पडतील तितकी नाणी मिळतात. नातीने कोंबडीचं चालणं, पळणं, टिपणं करून द्यायचं, आणि आठ तऱ्हेचं मरून पडणं. पडताना गंमत वाटली पाहिजे, असं त्यांनी मुद्दाम कळवलं होतं.

घरात दोन तट पडले. सून म्हणाली, "आत्ती, तुम्हीच सांगा हिला. चित्रच तर काढायचंय की. फीचे पैसे तरी सुटतील." नात माझ्याकडं बघून म्हणाली, "आज्जी, नुसती जाळी आहे गं ती. तिला कुठं दुखालंय?" पण विचारताना तिचा आवाज काही पक्का नव्हता.

दुखत नाही, हे खरंच. पिठाच्या कोंबड्यालाही दुखत नव्हतं. कथा तुम्हाला ठाऊक आहे. उज्जयिनीच्या यशोधराला आईने देवीपुढं बळी द्यायला सांगितलं. तो जीव मारायला तयार होईना, तेव्हा तडजोड निघाली : पिठाचा कोंबडा करू आणि तो कापू. त्याने तो कापला. एवढ्यावरून मायलेकांना किती जन्म जनावरांच्या योनीत काढावे लागले! सोमदेवसूरींनी ही कथा 959 साली संस्कृतात लिहिली, जन्न कवीने 1209 साली कन्नडात. गिरीश कार्नाडांच्या 'हिट्टिन हुंज' या नाटकाचं नावच मुळी पिठाचा कोंबडा असं आहे. आम्हा सीमेवरच्या बायांना ती दोन्ही भाषांतून भेटते.

लहानपणी मला ही शिक्षा अतिरेकी वाटायची. पीठच तर होतं! आता वाटतं, कथा कोंबड्याबद्दल बोलतच नाही. ती हाताबद्दल बोलते. सुरी उचलताना हाताने मारण्याचाच संकल्प केला होता. समोरची वस्तू बदलली, संकल्प तोच राहिला. आपल्याकडे द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद करतात तो इथं उपयोगी पडतो. जीव गेला की नाही हा एक हिशेब, आणि मन काय करत होतं हा दुसरा.

तरीही सुनेचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. श्रावकाला पोट आहे हे शास्त्रानेही मानलंय. हिंसेचे चार प्रकार सांगतात : आरंभी म्हणजे घरकामात होणारी, उद्योगी म्हणजे धंद्यात होणारी, विरोधी म्हणजे रक्षणासाठी करावी लागणारी, आणि संकल्पी म्हणजे ठरवून केलेली. गृहस्थाने निदान संकल्पी तरी सोडावी, बाकीची होता होईल तेवढी कमी करावी. मग नातीचं काम उद्योगी म्हणायचं की संकल्पी?

यावर मी बरेच दिवस विचार केला. शेतकरी नांगरतो तेव्हा किडे मरतात. त्याला ते मारायचे नसतात, पीक हवं असतं. तिथं जीव जातो, पण हेतू नसतो. या कामात नेमकं उलटं आहे. जीव एकही जात नाही, आणि हेतू मात्र पूर्ण हजर असतो. तोही क्षणाचा नाही. यशोधराने एकदाच सुरी चालवली. नातीला एकेका मरणावर दोन-दोन दिवस बसावं लागणार होतं. मान कुठल्या फ्रेमला लटकेल, पंख किती वेळा फडफडतील, नेमकी कुठं गंमत येईल. चुकून घडलं म्हणायची सोय त्यात नाही, कारण तिथं प्रत्येक हालचाल कुणीतरी ठरवून ठेवलेली असते.

मग चित्रात मरण दाखवूच नये का? तसंही मी म्हणणार नाही. जन्नाने कोंबडा कापलेला दाखवला म्हणून तर कथा आपल्यापर्यंत पोचली. याच ब्लेंडरवर लॅटव्हियातल्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी 'फ्लो' हा सिनेमा केला. त्याला 2025 साली ऑस्कर मिळालं. सगळीकडे पूर चढलाय, एक मांजर नावेत आहे, सोबत इतर प्राणी. शब्द एकही नाही. मांजराला वाचवायला आपल्याच थव्याशी झुंजून पंख मोडून घेणारा एक उंच पक्षी त्यात आहे. तो मोडलेला पंखही कुणीतरी फ्रेम-फ्रेम जुळवूनच केला असणार. पण बघताना आपला हात आपोआप छातीवर जातो. त्या खेळात हात बटणावर जातो आणि नाणी वाजतात. वेदना दोन्हीकडे रचलेलीच, पण एक बघणाऱ्याला जवळ नेते आणि दुसरी त्याला हसायला शिकवते.

हे सगळं मी नातीला सांगितलं. हो म्हण किंवा नको म्हण, असं मात्र सांगितलं नाही. काम तिचं होतं. तिने त्यांना कळवलं, चालणं-पळणं-टिपणं करून देते, मरणं दुसऱ्याकडून करून घ्या. पैसे निम्मे मिळाले. सून काही दिवस धुसफुसत होती, आणि तिचंही चूक नव्हतं, फीचा हप्ता तिलाच भरायचा होता.

एक काटा मात्र राहिलाच. नातीने चालवलेली कोंबडी त्याच खेळात गेली. कृत, कारित, अनुमोदित, तिन्हींचा हिशेब मांडायचा तर तिचा वाटा शून्य होत नाही. तिने नकार दिल्याने एकही कोंबडी वाचली नाही, कारण मुळात कोंबडी नव्हतीच. वाचले ते नातीचे पंधरा-सोळा दिवस, जे तिने मरण गमतीदार करण्याचा सराव करण्यात घालवले असते. सवय हातातून मनात उतरते हे आपल्याला पोळ्या लाटतानाही कळतं. म्हणून तेवढे दिवस मला थोडे वाटत नाहीत.

आता घरोघरी मुलं हे शिकतायत. आपल्याला त्यातलं काही कळत नाही म्हणून आपण चहाचा कप ठेवून निघून येतो. तसं करू नका. पाच मिनिटं शेजारी बसा आणि विचारा, हा प्राणी आज काय करतोय, आणि हे करताना तुला कसं वाटलं? उत्तर त्यांचं त्यांना शोधू द्या. विचारायचं काम तेवढं आपलं.