खार आणि तेल

शास्त्रपाठ : मलाखी ३:१-४, योहान ४:५-३०, इफिस ४:१५



प्रभूच्या येण्याचे वर्णन करताना मलाखी संदेष्टा दोन उपमा देतो. एक धातू गाळणाऱ्याच्या अग्नीची, दुसरी परटाच्या खाराची. त्या काळी आजच्यासारखी साबणाची वडी नव्हती. काही वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून खार काढीत व त्याने वस्त्रे धूत. आपल्या आजीपणजीही राखेने भांडी घाशीत आणि रिठ्याने रेशमी लुगडी धूत असत.

उज्जैनच्या आमच्या मंडळीतील काही कुटुंबांनी यंदा प्रथमच घरी कपड्यांचा साबण तयार केला. गोपाळ मंदिराजवळच्या बाजारातून सामान आणले : एक किलो खोबरेल तेल आणि कॉस्टिक सोडा. दोन्ही तराजूने नीट तोलले, कारण इथे अंदाज चालत नाही. हातमोजे व चष्मा घातला. भांडे स्टीलचे घेतले, कारण ॲल्युमिनियम या खाराने खाल्ले जाते. सोडा थोडाथोडा पाण्यात सोडला. सोड्यावर पाणी कधीच ओतू नये, ते उसळून अंगावर येते. विस्तव नसतानाही ते पाणी हात लावता येणार नाही इतके कढत झाले. ते निवाल्यावर तेलात ओतून, मिश्रण कढीसारखे दाट होईपर्यंत घोटले आणि साच्यात ओतले.

आता विचार करा. नुसता खार कातडी जाळतो. नुसते तेल कपड्याला लावले तर डाग पडतो. दोन्ही एकजीव झाले म्हणजे मळ निघतो. आणि प्रमाणही पाहा. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो. आम्ही १७४ ग्रॅमच घेतला, म्हणजे थोडे तेल मुद्दाम शिल्लक ठेवले. त्यामुळे साबण हातांना सौम्य लागतो.

प्रेषित पौल इफिसकरांस प्रीतीने सत्याला धरून चालण्यास सांगतो, त्याचा अर्थ आम्हांला या भांड्यात दिसला. सत्य हा खार आहे, प्रीती हे तेल. आपल्या मंडळ्यांत सत्य बोलणारे पुष्कळ आहेत. पण चारचौघांत झालेल्या एका कठोर शब्दाने उपासनेला यायचे थांबलेले तरुणही प्रत्येक गावात आहेत. ते आठवले म्हणजे मान खाली जाते. दुसरीकडे, कोणाचे मन दुखवू नये म्हणून पाप दिसत असूनही आपण गप्प राहतो. त्या गोडव्याने कोणाचा डाग निघतो?

आपला प्रभू याकोबाच्या विहिरीवर बसला होता. शोमरोनी स्त्रीचे सारे जीवन त्याने तिच्यापुढे उघडे केले. एक गोष्टही झाकली नाही. पण त्याआधी त्याने तिच्याकडे पाणी मागितले होते, तिला मान दिला होता. म्हणून ती तोंड लपवून पळाली नाही. घागर तेथेच टाकून ती गावात गेली आणि लोकांना त्याच्याकडे घेऊन आली.

आणखी एक गोष्ट. एकदोन दिवसांत खार व तेल यांचा संयोग बहुतेक पूर्ण होतो. तरी पाणी आटून वडी कठीण व सौम्य व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, एखाद्या मुलाला बोलावयाचे असेल तर तो शब्द आधी प्रार्थनेत काही दिवस ठेवा. मग त्याला एकट्याला जवळ घेऊन बोला. आणि ज्यांना आपल्या शब्दांनी भाजले आहे, त्यांच्या घरी या आठवड्यात जाऊ या.

हे प्रभू, आमच्या मुखात सत्य दे, आणि त्याहून थोडी अधिक प्रीती दे. आमेन.