पंख नसलेली परी

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एक काकू ब्लाऊज शिवायच्या. फॉल-पिको, अस्तराचे ब्लाऊज, शाळेचे गणवेश. हाताला सफाई होती आणि गिऱ्हाईक बांधलेलं होतं. पण त्यांचा जीव पऱ्यांमध्ये. माहेर गोदाकाठचं, वैजापूरकडचं. तिथल्या विहिरीवर शेंदूर लावलेले सात दगड होते, त्या साती आसरा, म्हणजे जलदेवता. आजी त्यांची ओटी भरायची आणि रात्री सांगायची, चांदणं पडलं की त्या पाण्यातून वर येतात, फेर धरतात. बाकीची लेकरं आजीला चिकटून बसायची. ही पोर मात्र विचारायची, त्यांच्या लुगड्यांचे रंग कोणते?

लग्न झालं, संसार झाला, तरी ती ओढ गेली नाही. उरलेल्या कापडातून त्या परी शिवायच्या, भाचरांना द्यायच्या. सगळे म्हणायचे, विकत का नाही? एका दिवाळीत बचत गटाच्या प्रदर्शनात त्यांनी टेबल लावलं. गोरंपान कापड, पिवळ्या लोकरीचे केस, तारेवर ताणलेल्या जाळीचे पंख, बटणाचे निळे डोळे. पुस्तकात आणि टीव्हीवर परी अशीच असते ना! येणारी प्रत्येक बाई म्हणाली, "अगंबाई, किती गोड!" आणि पुढे गेली. शेजारच्या टेबलावर दिवा लागणाऱ्या प्लास्टिकच्या बाहुल्या निम्म्या किमतीत होत्या. मुलं मात्र काकूंच्या टेबलाशीच थांबायची. हात पुढे करायची, की आई मनगट धरायची. "हात नको लावू, मळेल." ज्या खेळण्याला हात लावायची बंदी, ते मुलानं मागायचं तरी कसं?

त्यात एक प्रसंग घडला. शेजारच्या तान्ह्यानं परीचा डोळा ओढून तोंडात घातला. त्याच्या आईनं बोट घालून बटण बाहेर काढलं म्हणून निभावलं. काकूंच्या पोटात गोळा आला. त्या रात्री त्यांनी कात्री घेऊन घरातल्या एकूण एक परीचे डोळे उसवले. सकाळी कोऱ्या चेहऱ्यांची रास पडली होती, आणि आता हिचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

पुढे भाचीच्या शाळेची सहल वेरूळला निघाली, सोबतीला काकू गेल्या. कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. एकच डोंगर वरून खाली खोदत आणला आहे. मुलं हत्ती बघत होती. भाची भिंतीकडे वर बघत उभी राहिली.

"आत्या, हे सगळे उडतायत ना?"

"हो. गंधर्व, विद्याधर."

"मग पंख कुठंयत?"

काकू बघत राहिल्या. खरंच, पंख नव्हते. गुडघे मागे दुमडलेले, अंग पुढे झेपावलेलं, खांद्यावरचं उपरणं मागे फडफडतंय. दगड आहे, तरी वारा जाणवतो. पुढे त्या मुद्दाम अजिंठ्याला गेल्या, पाचव्या शतकातल्या १७ नंबरच्या लेण्यात. तिथली आकाशातून येणारी अप्सरा जगभर प्रसिद्ध आहे. तिच्या डोक्यावर नक्षीदार फेटा आहे आणि गळ्यातल्या मोत्यांच्या माळा एका बाजूला झुकल्या आहेत. चित्रकारानं तिला पंख दिले नाहीत, फक्त माळा तिरक्या काढल्या, आणि ती उडाली! आमच्या शहरापासून शंभर किलोमीटरवर ही विद्या दीड हजार वर्षं भिंतीवर आहे आणि आमची लेकरं परी म्हटलं की जाळीचे पंख मागतात, याची मला फार हळहळ वाटते. फुलपाखराचे पंख परीला चिकटवले ते इंग्रज चित्रकारांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यांचं काहीच घेण्यासारखं नाही असं नव्हे. १९२३ मध्ये सिसिली मेरी बार्कर या इंग्रज चित्रकर्तीचं फुलपऱ्यांचं पहिलं पुस्तक आलं. आपल्या पऱ्यांसाठी ती बहिणीच्या बालवाडीतल्या मुलांना समोर बसवून चित्र काढायची. त्या पऱ्यांना जिवंत चेहरे मिळाले ते खऱ्या लेकरांचे.

काकूंनी परतल्यावर तार आणि जाळी माळ्यावर टाकली. उडण्यासाठी आता हवं होतं झुळझुळीत उपरणं, आणि ते या गावात हिमरूखेरीज कशाचं असणार? सुती ताणा, रेशमी बाणा. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा विणकर आले आणि हे काम इथं रुजलं, असं सांगतात. आज माग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. एका वृद्ध विणकरचाचांकडे काकू कातरणं मागायला गेल्या. चाचांनी तुकडा उलटा करून दाखवला. मागच्या बाजूला रेशमाचे धागे मोकळे लोंबत होते.

"ताई, पुढून नक्षी दिसते ती या मागच्या धाग्यांच्या जिवावर. कात्री लागली की सुटतं बघा. कडेला आधी टाका मारा, मग कापा."

काकूंनी तसंच केलं. बोटभर रुंदीची पट्टी, कडेला पिको, खांद्याला एक टाका. परी हातात धरून पळालं की पट्टी मागे उडायची. आत कापूस पिंजाऱ्याकडचा. आणि चेहरा कोराच.

तो कोरा चेहरा आधी बटणाच्या भीतीनं राहिला होता. पण शनिवारी गल्लीतली चार लेकरं आली, त्यांच्यापुढे काकूंनी रंग ठेवले आणि म्हणाल्या, "हिला डोळे नाहीत, तुम्हीच काढा." दोन तास घरात आवाज नव्हता. एकीनं परीला चष्मा काढला. एकानं मिशा काढल्या, ती त्याच्या आजोबांसारखी हवी होती. एका मुलीनं परीच्या हातात दोऱ्यानं बाटलीचं झाकण बांधलं.

"ही कोण गं?"

"ही नळाला पाणी आणणारी परी. ही आली की आई मला झोपेतून उठवते."

कित्येक दिवसांनी एकदा नळ येणाऱ्या या शहरात त्या परीची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. काकू काही क्षण बोलल्याच नाहीत. गोदाकाठच्या आसरा पाण्यातूनच तर वर यायच्या.

धंदा तिथून उभा राहिला. एका पुडीत कापलेलं अंग, कापूस, हिमरूची पट्टी, सुई-दोरा आणि लोकर, दीडशे रुपये. वय सहाच्या पुढे, मणी-बटण काही नाही. सिडकोकडची मंडळी वाढदिवसाला बोलवू लागली. पाहुण्या मुलांनी दोन तास बसून परी करायची आणि तीच घरी न्यायची. कायद्याचीही अडचण आली. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, आणि ते मिळवणं एका शिवणयंत्राच्या घराला झेपणारं नव्हतं. मात्र केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. काकूंनी कागद जमवले, खेटे घातले, कारागीर म्हणून ओळखपत्र काढलं. आवडीचं काम चार पैशांना विकायचं तर हे खेटेही आवडीनंच घालावे लागतात, असं मला वाटतं.

मग शहागंजातले एक होलसेलवाले आले.

"काकू, माल चांगला आहे, पण अर्धवट. तोंड काढून द्या, केस पिवळे करा, पंख लावा. दिवाळीला पाचशे नग उचलतो. निम्मे पैसे आत्ता."

नव्या यंत्राचा हप्ता थकला होता. काका म्हणाले, "घे की, हप्ता फिटेल." काकूंनी मापाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. हिशेब फायद्याचाच निघाला. तरी त्यांनी वही मिटली.

"दादा, पुड्या न्या, हव्या तेवढ्या देते. पण तोंड मीच काढून दिलं तर लेकरांनी काय करायचं? नुसतं बघायचं?"

व्यापारी हसून निघून गेले, ते परत आले नाहीत. त्या दिवाळीत काकूंनी रात्री दोनपर्यंत ब्लाऊज शिवून हप्ता भरला. काका रागावले, चार दिवस नीट बोलले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच पुड्यांत कापूस भरायला बसले, कारण पुढच्या शनिवारी वीस लेकरं येणार होती.

परवा एक बाई मोटारीतून उतरल्या. एका वाढदिवसाला त्यांच्या मुलीनं नळाच्या परीची गोष्ट ऐकली होती.

"तशीच एक तयार द्या. किती झाले?"

"तयार नाही मिळत, ताई. शनिवारी पोरीला घेऊन या. दोन तास लागतील, आणि जुना फ्रॉक घाला, रंग लागतो."

"मी थांबले तर चालेल?"

"थांबा की. सुई तुम्हालाही देते."