गर्भातील घडण आणि आईवरचा ठपका

जुम्याच्या नमाजनंतर एक तरुण पिता माझ्याजवळ थांबला. "मौलाना, आमचे बाळ पाठीच्या कण्यातील दोष घेऊन जन्मले. घरातील वडीलधारी म्हणतात, आईचेच काही चुकले असेल. हे खरे आहे का?"

पवित्र कुरआनच्या 'अल्-मोमिनून' या सूरहमध्ये गर्भाच्या घडणीचे टप्पे वर्णिले आहेत. त्यांचा तपशील शोधणे हे अभ्यासकांचे काम. ते सांगतात की, गर्भाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात. तरीही एक पेशी त्वचेची होते, दुसरी मेंदूची. कारण कोणते जनुक कोठे, केव्हा आणि किती प्रमाणात जागे व्हावे, याचे नियमन होत असते. जणू एकच ग्रंथ सर्वांच्या हाती आहे, पण प्रत्येक जण आपल्या वाट्याचे पान वाचतो. अशाच नियमनाने गर्भाच्या पाठीवरील पेशींचा पट्टा दुमडून नळी बनतो. तीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होते. ही नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. न मिटल्यास असा दोष राहतो.

त्या दिवसांत कित्येक स्त्रियांना आपण गर्भवती आहोत हेही ठाऊक नसते. शिवाय जनुके पित्याकडूनही येतात. अल्लाह कोणावरही शक्तीबाहेरचा भार टाकत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. मग जे तिला ठाऊक नव्हते, जे तिच्या हाती नव्हते, त्याचा जाब आपण तिला कोणत्या अधिकाराने विचारतो?

मात्र ज्ञान लाभले की जबाबदारीही येते. असे मूल आधी झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यास दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटते, असे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासातून १९९१ साली दिसून आले. म्हणून पुढच्या वेळी आधीच डॉक्टरांचा सल्ला घेणे हे पती-पत्नी दोघांचेही कर्तव्य आहे. परंतु याने सर्वच दोष टळत नाहीत. तदबीर आपली, तकदीर अल्लाहच्या हाती.

आणि ते बाळ? ते कोणाच्या पापाची खूण नव्हे. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. त्यांच्याच निमित्ताने 'अबस' ही सूरह अवतरली आणि मदिनेत त्यांनी अजान दिली.

मी त्या पित्याला म्हणालो, "घरी जा, पत्नीजवळ बसा आणि वडीलधाऱ्यांसमोर, अदब राखून पण स्पष्टपणे सांगा, हिचा दोष नाही." तिच्यासाठी दुआ करण्याआधी तिच्यावरचा ठपका पुसणे, हे आपल्यावर तिचे देणे आहे.