सण रद्द झाले की पूर्ण झाले?



अधूनमधून आपल्यापैकी कोणाच्या तरी हाती एखादे पत्रक येते. 'लेवीय 23 मधले सण देवाने पिढ्यान् पिढ्या पाळायला सांगितले आहेत. मग तुम्ही ते का पाळत नाही? शनिवार सोडून रविवार का धरता?' असा त्यात सवाल असतो. प्रश्न रास्त आहे, तो झटकून टाकू नये.

त्या अध्यायात शब्बाथ, वल्हांडण, बेखमीर भाकरीचा सण, प्रथमपिकाची पेंढी, सप्ताहांचा सण, कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण येतात. प्रभू येशू याच परंपरेत वाढला. मांडवांच्या सणात तो मंदिरात शिकवत होता (योहान 7). वल्हांडणाच्या दिवसांत त्याने स्वतःला अर्पण केले आणि सप्ताहांच्या सणाच्या दिवशी पवित्र आत्मा उतरला. म्हणजे हे सण आपल्याला परके नाहीत.

मग ते आपल्यावर बंधनकारक का नाहीत? सुमारे इ.स. 49 मध्ये यरुशलेम येथे प्रेषित याच प्रकारच्या प्रश्नावर जमले. परराष्ट्रीयांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचे सारे ओझे लादू नये, असे त्यांनी ठरवले. त्यांनी ज्या चार गोष्टी टाळायला सांगितल्या, त्यांत सणांचा उल्लेखही नाही (प्रे. कृ. 15). संत पौलाने कलस्सैकरांना कळवले की सण आणि शब्बाथ ही सावली होती व तिचे खरे रूप ख्रिस्तात प्रकट झाले (2:16-17).

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी यात एक भेद दाखवला. देवासाठी वेळ राखून ठेवणे हा नैतिक नियम आहे व तो कायमचा आहे. तो वेळ नेमका कोणता, हा विधीचा भाग आहे. म्हणून पुनरुत्थानाचा दिवस, रविवार, हा आपला प्रभूचा दिवस झाला.

यहुदी बांधव आजही हे सण श्रद्धेने पाळतात. त्यांना कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही. देव आपली देणगी मागे घेत नाही, ही रोमकरांस पत्रातील शिकवण (11:29) दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली पुन्हा अधोरेखित केली.

तर मग आपण मोकळे झालो का? इथे जरा थांबू या. लेवीय 23 मध्ये सणांची यादी चालू असताना मध्येच बाविसावे वचन येते. कापणी करताना शेताच्या कडेचे पीक कापू नका, ते गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्या, असे ते सांगते. अनुवाद 5:14 मध्ये शब्बाथाचा विसावा दास, दासी, परका, इतकेच काय बैलालाही दिलेला आहे. आपल्या कोकणातले बेने इस्राएल बांधव तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांचा दिवस त्यांच्या घाण्यावरून ओळखता येई. आपला रविवार कशावरून ओळखू येतो?

आपण मिस्सेला येतो, पण घरकामाच्या बाईला रविवारी सुटी असते का? दुकानातल्या पोराला, गाडीच्या चालकाला? चर्चच्या सणाला मांडव घालणारे व जेवण वाढणारे यांना विसावा कधी मिळतो, हे आम्ही धर्मगुरूंनीही क्वचितच विचारले आहे. ही आमचीही चूक आहे.

सणाची तारीख बदलली, पण गरिबाचा वाटा बदलला नाही. ख्रिस्ताने नियम पूर्ण केला, तो आपल्याला सवलत मिळावी म्हणून नव्हे. या आठवड्यात एका कामकऱ्याला भरपगारी सुटी देऊन पाहू या. पत्रकाला आपले ते खरे उत्तर ठरेल.

प्रभूची शांती आपल्या घराघरांत नांदो.