वृद्धसेवा : हक्क आणि शील

अंथरुणाला खिळलेल्या आईबापांची सेवा कोणाचे कर्तव्य, मुलांचे की शासनाचे? राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम २०१०-११ साली सुरू झाला. त्यानुसार उपकेंद्राच्या आरोग्य कर्मचाऱ्याने अशा वृद्धांना घरी जाऊन पाहायचे असते. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, तो मागा. पण नर्सबाई घटकाभराने जाते, रात्र घरच्यांचीच असते.

अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला इतर भिक्खूंनी टाकले होते. कारण तो त्यांच्या उपयोगाचा नव्हता. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. माणसाची किंमत उपयोगावर ठरत नाही, हाच तो धम्म. बंधुभगिनींनो, ही सेवा एकट्या सुनेवर टाकाल तर समता कुठे राहिली? मुलानेही पाणी ओतावे.