आधी सर्व्हर ठरव, मग लॅपटॉप

पुणे

चि. बाळ,


माहीमला घरी राहून तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं तू मनावर घेतलंस, याचा फार आनंद झाला. लॅपटॉपवर विंडोज ठेवू की लिनक्स टाकू, असं विचारलंस. माझं सांगणं एकच: तुझा प्रोग्राम शेवटी कुठे चालणार ते आधी बघ.

ऑफिसातली टॅली विंडोजवर चालते. कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या पीएलसीची सॉफ्टवेअरंही बहुतेक विंडोजचीच. त्यांच्याशी थेट जोडायचं काम असेल, तर विंडोज सोडू नकोस. आयफोनचं ॲप करायचं तर मॅक लागतोच. पण गोदामातला साठा मालकाला मोबाइलवर दिसावा, चलन निघावं, असं वेब ॲप्लिकेशन असेल तर ते भाड्याच्या सर्व्हरवर चढणार, आणि तिथे बहुधा लिनक्स असतं. मग लिहितानाही लिनक्सच वापर. विंडोजही हवंच असेल, तर त्यातच डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, चालू कर.

फरक बारीक गोष्टींत असतो. लोगोच्या फाइलचं नाव कॅपिटल ‘एल’ने ठेवलंस आणि कोडमध्ये स्मॉल ‘एल’ टाकलास, तरी विंडोज ती उघडतं. तोच कोड लिनक्सवर गेला की फाइल सापडत नाही. अशी चूक गिऱ्हाइकासमोर उघडी पडण्यापेक्षा घरीच सापडलेली बरी.

लिनक्स घेताना नवेपणाला भुलू नकोस, सपोर्ट किती वर्षं मिळणार ते बघ. उबुंटू 24.04 एलटीएसला 2029पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतील. सेंटओएस 8 हे दुसरं लिनक्ससुद्धा 2029पर्यंत चालणार होतं. पण डिसेंबर 2020मध्ये ते लवकर बंद करण्याची घोषणा झाली आणि 2021अखेर ते बंद पडलं. लोकांना चालते सर्व्हर अल्मा किंवा रॉकी लिनक्सवर हलवावे लागले. म्हणून सिस्टिम कोण सांभाळतं, हेही तपास. डेबियन 1993पासून स्वयंसेवकांनी चालवलेलं आहे; मला त्याचा भरवसा वाटतो. विंडोजलाही मुदत असतेच: विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. कारखान्यात तसे कॉम्प्युटर दिसले तर मालकाला स्पष्ट सांग.

सर्व्हरवर जी आवृत्ती, तीच स्वतःकडे ठेव. अपडेट टाळू नकोस. बॅकअप घेतलास की तो परत उतरवूनही बघ.

तारापूरच्या कितीतरी कारखान्यांत रसायनं हाताळतात. तिथली नोंद चुकली तर गाठ माणसांच्या जिवाशी असते. तेव्हा सिस्टिम आवडीवर निवडू नकोस, कामाची जबाबदारी ओळखून निवड.

तुझा,
काका