बोट कोणाचं?

गणपतीचं मखर उभारताना सालमियातल्या आमच्या घरी हातोडी माझ्या हातात होती आणि खिळा मित्राने धरला होता. "मार रे, काही होत नाही," तो म्हणाला. मी थांबलो. बोट माझं असतं तर बिनधास्त ठोकलं असतं. चुकलो तर कळ मलाच लागली असती. इथे नेम माझा आणि नख त्याचं. त्याच्या होकाराने हा हिशेब बदलतो का?

कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ भर उन्हात काम करून घ्यायला बंदी असते. 'तुझी तयारी आहे का?' असं कायदा कामगाराला विचारत नाही, मालकालाच अडवतो. ते योग्यच आहे. पोटासाठी आलेला माणूस नाही कसा म्हणेल? मित्राला पोटाची अडचण नव्हती, पण भिडेची होतीच.

मी त्याला पक्कड दिली. खिळा तिच्या जबड्यात, बोटं अर्धी वीत मागे. तो हसला, "एवढा घाबरतोस?"

घाबरलो होतोच. पण शंका त्याच्या धीटपणाची नव्हती, माझ्या नेमाची होती. आणि ती हातोडीवाल्यानेच आधी बोलून दाखवायची असते.